पुलातली सातवी जोडणी

मी एक जोडणी बोलतेय. दिसत नाही, म्हणून शोधू नका. रक्तपेढीच्या खिडकीवरून विचारलेला प्रश्न दूरच्या साठा-केंद्रातल्या सर्व्हरकडे न्यायचा आणि उत्तर घेऊन यायचं, हे माझं काम.

जन्मले आज सकाळीच. जोडणीचा जन्म सोपा नसतो हो! आधी सर्व्हर विचारणार, "कोण गं तू?" मग परवलीचा शब्द, मग ओळखपाळख. पूर्वी एवढं सगळं करून जन्मलेली जोडणी एकच प्रश्न विचारून संपायची. आमच्या प्रोग्रामरताईंना ते बघवलं नाही. त्यांनी आम्हा एकवीस बहिणींना एकत्र ठेवलं, तीन केंद्रांकडे जाणाऱ्या सात-सात. पहिल्या केंद्राकडची सातवी ती मी. या घराला सगळे 'पूल' म्हणतात, इंग्रजीतला, म्हणजे सामाईक साठा. नदी नाही, कठडा नाही, तरी पूल!

इथे एक राखणदार आहे. चौकशी आली की तो प्रत्येक केंद्राची एक अशा तिघींना पाठवतो, काम झालं की परत घेतो आणि मधूनमधून "आहेस ना गं?" म्हणून विचारपूसही करतो. त्याच्यामुळे मी शेकडो फेऱ्या मारल्या. हे उपकार मी विसरणार नाही.

दुपारी मात्र माशी शिंकली. तिसऱ्या केंद्राचा सर्व्हर अडखळू लागला. चौकशी करणारा प्रोग्राम वाट बघून कंटाळला आणि आम्हा तिघींना परत न ठेवताच निघून गेला. पहिल्या केंद्राचं उत्तर घेऊन मी ताटकळत उभी, पण घ्यायलाच कुणी नाही. अशा सात चौकशा फसल्या आणि आम्ही एकवीसच्या एकवीस जणी अडकलो.

तेवढ्यात खिडकीवर एक तरुण धावत आला.

"काका, ताईला ऑपरेशनला घेतलंय. या गटाच्या दोन पिशव्या हव्यात, आत्ता!"

गट दुर्मीळ होता. "अरे, स्क्रीनवर हे चक्र नुसतं गरगरतंय," खिडकीवरचे काका म्हणाले. त्यांनी केंद्रांना फोन लावून पाहिले, सगळे एंगेज. शेवटी आमच्या प्रोग्रामरताईंना लावला. "मॅडम, काहीही करा, पण लवकर करा."

दोन्हीकडचं मला कसं ऐकू आलं, असं विचारू नका. मी जोडणी आहे.

ताईंनी भराभर कोड चाळला. "परत ठेवायची ओळ तर आहे इथे!" त्या पुटपुटल्या. नेमका तेव्हाच त्यांच्या मुलीचा फोन आला.

"आई, कात्री सापडत नाहीये."

"वापरली की जागेवर ठेवावी. किती वेळा सांगायचं तुला?"

"मी नाही गं! काल तूच कापड कापत होतीस. मध्येच फोन आला आणि तू कात्री घेऊन तशीच बाल्कनीत गेलीस."

ताईंनी कोड पुन्हा वाचला. परत ठेवायची ती ओळ काम पुरं झाल्यावरच येत होती. मध्ये काही बिनसलं, तर प्रोग्रामही तसाच निघून जात होता.

"बाल्कनीत बघ. आणि सॉरी गं," एवढं बोलून त्यांनी राखणदाराला हुकूम सोडला, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ अडकलेल्या सगळ्या जणींना घरी आण.

एव्हाना तिसऱ्या केंद्राचा सर्व्हरही सावरला होता. घरी येऊन टेकतेय तोच काकांची चौकशी माझ्या हाती आली. अशी धावले म्हणून सांगू! पहिल्या केंद्रात दोन पिशव्या होत्या.

"मिळाल्या रे!" काका ओरडले. तो भाऊ खिडकीची कड धरून रडू लागला. मलाही डोळे असते तर बरं झालं असतं.

आता ताईंनी ती ओळ हलवली आहे. काम साधो की फिसकटो, जोडणी परत ठेवल्याशिवाय कुणाला बाहेर पडताच येणार नाही. ही दुरुस्ती लागू होताना जुन्या जोडण्या बंद होतील. म्हणजे मीसुद्धा. तक्रार नाही. एका दिवसात मला एवढं काम मिळालं आणि त्या भावाच्या उपयोगी पडता आलं, याचाच आनंद मोठा आहे.

जाता जाता एक विनंती. मध्येच कुणी हाक मारली, तर हातातलं आधी जागेवर ठेवा, मग जा.

"आहेस ना गं?" राखणदार विचारतोय.

हो रे बाबा. जागेवरच आहे.