धुऱ्यावरचे गोटे

दीपमालानं फेकलेली गिट्टी तानबाच्या भुवईवर बसली. मशीनचा दांडा धरून तो नुकताच वळला होता. दांडा हातातून सुटला, तो आधी गुडघ्यांवर आला, मग हातांवर. ओरडला नाही. नुसतं "माय वं" म्हणाला आणि खाली मान घालून राहिला. रक्त नाकाच्या शेंड्यावरून काळ्या मातीत ठिबकू लागलं.

दुसरी गिट्टी तिच्या मुठीत तयार होती. सडकेच्या कामाला पडलेल्या खडीच्या ढिगातून तिनं दोन उचलल्या होत्या आणि उभ्या तुरीतून ती पळत सुटली होती. तूर यंदा डोक्याच्या वर गेलेली. आतून काही दिसत नव्हतं. तुरीच्या शेंड्यांवर मशीनचा तीन पायांचा लोखंडी सांगाडा तेवढा दिसत होता, आणि कानांत इंजिनची घरघर. ती तुरीतून बाहेर पडली, समोर माणूस आला, आणि हात सुटला. मशीन नेमकी कुठं उभी आहे, हे पाहायला ती थांबलीच नाही. रागाला डोळे असते तर जगातली निम्मी डोकी शाबूत राहिली असती.

नागपूरचं विमानतळ मोठं होणार होतं. ते झालं की तिथून मेट्रो निघणार आणि केळझरच्या खालच्या अंगानं थेट सिंदी मेघेपर्यंत येणार, असं सरकारनं ठरवलं होतं. नकाशावर रेघ ओढून झाली होती. आता खांब पेलायला खालची माती कशी आहे ते तपासण्यासाठी शिवारात जागोजागी भोकं पाडणं चाललं होतं. दीपमालाचं त्या रेघेशी काही भांडण नव्हतं. मेट्रो येवो, विमान येवो, हवं तर सगळ्या तुरीतून जावो. धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची, ती हातभर जागा मात्र कोणी उकरू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिथं तिची लेक होती. नामकरणाचा दिवससुद्धा पाहिला नाही तिनं. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, आपल्याच शेताच्या धुऱ्यावर पुरतात, आणि बायकांनी त्या वेळी तिथं जायचं नसतं. प्रफुल्ल, तिचा नवरा, एकटाच घेऊन गेला होता. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यानं नदीतले गोल गोटे गाडीवर लादून आणले आणि वर रचले. घरी येऊन हात धुतले. त्यानंतर दोघांत त्या गोष्टीचा शब्द निघाला नाही. जागा तिनं पुढं आपली आपणच ओळखली, कारण त्या काळ्या रानात दगड औषधालाही सापडत नाही.

आदल्या दिवशी सुमीत नावाचा तरणा इंजिनिअर नेमकी त्या गोट्यांना लागून खुंटी ठोकून गेला होता. खुंटीला लाल फीत.

"सर, इथं नका खोदू," ती म्हणाली होती.

"का बरं, ताई?"

भोवती गावातले दहा पुरुष उभे. लेकराचं त्यांच्यासमोर कसं सांगायचं?

"नका खोदू म्हणून राह्यली ना मी."

"ताई, हा पॉइंट वरून येतो. आपल्या हातात नसतो. आणि खरं सांगू का, सगळेच असं म्हणतात."

जेवायला वाढताना तिनं प्रफुल्लला विचारलं होतं, "धुऱ्यावर खुंटी ठोकली त्याहीनं. पाह्यली का?"

"पाह्यली," म्हणाला आणि अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठला.

आता ती दुसरी गिट्टी घेऊन तानबापाशी आली, आणि तिथं थबकली. खुंटी जागच्या जागी होती. फीत वाऱ्यावर हलत होती. खुंटीशेजारी गोटे जसे रचले तसेच होते, एकही हललेला नव्हता. मशीन बैलबंडीभर अंतरावर होती, धुऱ्याच्या पलीकडच्या उतारावर, तिरकी. ती कलंडू नये म्हणून तिच्या एका पायाखाली लाकडी ठोकळे दिले होते. सपाट जागा सोडून असा उपद्व्याप कोणी उगाच करत नाही.

तानबानं मान वर केली. एक डोळा रक्तानं मिटला होता.

"बाई, मी बाजूले लावली ना मशीन," तो म्हणाला. "साहेबाले नाई सांगितलं. ते लेकराचं दिसलं मले. आमच्या गोंदियाकडं बी असेच ठेवतेत."

तिनं गिट्टी टाकली. ती खाली बसली, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि त्याच्या कपाळावर दाबून धरला. दुपट्टा भिजून तिच्या बोटांपर्यंत ओल आली.

"मले दिसलं नाई, भाऊ," ती म्हणाली. "तुरीतून दिसलंच नाई मले."

"राहू द्या. पाणी पाजा थोडंसं."

पाणी कुठलं पाजते! तानबाचा जोडीदार तोपर्यंत बोंबलत सडकेकडं पळाला होता आणि त्याच्या बोंबेनं गाव जागं झालं होतं. मेट्रोला विरोध करायला गावात बचाव समिती होती. मधुकरराव तिचे अध्यक्ष. मशीनला शिवारात पाय ठेवू देणार नाही, अशी त्यांची भाषणं चौकात झाली होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मशीन आली, उभी राहिली, सुरू झाली, तरी समितीची बैठकच चालली होती. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हेच ठरत नव्हतं. आता त्यांनी धुऱ्यावर येऊन पाहिलं तर रक्तात पडलेला माणूस, बंद पडलेली मशीन आणि शेजारी प्रफुल्लची बायको.

"दीपमालानं हाणला पह्यला!" मधुकरराव ओरडले. "अन् आपण मरद पंचायतीत बसून चहा पिऊन राह्यलो! पाहता काय?"

मग कोणी पाहत उभं राहिलं नाही. काठ्या आल्या, कुऱ्हाडीचे दांडे आले. पहिली लाथ तानबाच्या बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. दीपमाला त्याच्यावर आडवी पडली.

"सोडा त्याले! काही नाई केलं त्यानं!"

"सरक वं बाजूले. तुहं काम झालं."

कोणीतरी दंड धरून तिला ओढून काढलं. डिझेलची कॅन मशीनवर उलटी झाली, काडी पडली, आणि भडका उडाला तशी माणसं हसत मागं सरली. तितक्यात तानबाच्या जोडीदाराला घेऊन सुमीतची जीप सडकेवरून शेतात घुसली. जीप पाहून गावाला आणखी चेव आला. पण फेकायचं काय? गिट्टीचा ढीग दूर सडकेवर, आणि त्या रानात मिळतात ती ढेकळं. ढेकूळ पत्र्यावर आपटतं आणि त्याची माती होते, काच फुटत नाही, आणि मारणाऱ्याचं मनही भरत नाही.

"अबे, इकडं आहेत ना गोटे!" एकजण ओरडला.

दीपमालानं दंडावरचा हात झटकला. ती धावली. तोवर चौघंजण वाकले होते. वरचे गेले, मग खालचे. एकानं खुंटी उपटून तीही फेकली.

"ते नोका घेऊ! पाया पडते तुमच्या, ते नोका!"

तिचा आवाज जळत्या मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? तिनं एकाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्यानं मागं न पाहता हिसडा मारला. कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, दात हलला. जीपची पुढची काच फुटल्याचा आवाज झाला आणि गाव आनंदानं आरडलं.

प्रफुल्ल विहिरीवरून पळत आला तेव्हा त्याला आधी काही दिसलं असेल तर ते बायकोचं तोंड. हनुवटीवरून गळ्यापर्यंत रक्त.

"कोणं मारलं? कोणं मारलं तुले?"

तिला बोलता येईना. तोंड भरलं होतं. तिनं हात लांब करून दाखवलं, खाली, उघड्या पडलेल्या ओल्या मातीकडं. पण त्या हाताच्या सरळ रेषेत पुढं जीप होती, आणि सुमीत आणि जोडीदार तानबाला काखेत धरून आत कोंबत होते. प्रफुल्लनं तेच पाहिलं. तो वाकला. मातीत अर्धा रुतलेला एकच गोटा उरला होता, सगळ्यांत तळचा. दोन्ही हातांनी तो उपटून त्यानं फेकला.

गोटा तानबाच्या मानेच्या वर बसला. इतका वेळ जीपचं दार धरून असलेला त्याचा हात सुटला. त्यांनी त्याला तसाच आत ढकलला, आणि जीप निघाली तेव्हा त्याचे पाय दाराबाहेर लोंबत होते. ते हलत होते ते जीपच्या धक्क्यांनी.

प्रफुल्ल हाताकडं पाहत उभा राहिला. तळव्यांना ओली माती चिकटली होती. मग त्यानं पायाखाली पाहिलं.

लोकांनी ट्रॅक्टर आणला. बायकांनी दीपमालाचं तोंड धुतलं, कोणी कपाळाला गुलाल लावला, आणि चार हातांनी तिला ट्रॉलीवर चढवलं. आता ती तुरीच्याही वर होती. इथून सगळं दिसत होतं: जळून काळी पडलेली मशीन, सडकेपर्यंत उमटलेली चाकांची रेघ, तिरक्या जागेवरचं ते अर्धवट भोक. आणि पन्नास माणसं ज्या जागेवरून इकडून तिकडं फिरत होती, ती जागा. प्रफुल्ल तिथं गुडघ्यांवर बसला होता. लोकांच्या पायांमधून दोन्ही हातांनी माती ओढून तो एका ठिकाणी दाबत होता. दोनजणांनी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

"बोल, दीपमाला," मधुकरराव खालून म्हणाले. मोबाइल वर झाले होते. "दोन शब्द बोल. गाव आयकून राह्यलं."

तिनं जिभेनं फाटका ओठ चाचपला.

"त्यानं मशीन बाजूले लावली होती," ती म्हणाली. "त्याले दिसलं होतं की इथं आपली पोरगी आहे. त्यानं बाजूले लावली होती."

ती बोलली एवढ्यावरच पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी घोषणा सुरू केली. प्रफुल्लचे हात थांबले. त्यानं मान वर केली. तिच्याकडं नाही, जीप गेली त्या सडकेकडं पाहिलं, आणि घोषणा संपून माणसं पांगली तरी तो तिकडंच पाहत राहिला.