एक गोल भोक

१९६६ सालची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. दिग्रसजवळच्या तांड्यात लखीराम एक जाड पिवळट कार्ड उन्हासमोर धरून, एक डोळा मिटून पाहत होता. कार्डाला ठिकठिकाणी बारीक भोकं होती. ते पोराच्या, भीमसिंगच्या पत्रातून आलं होतं. पोरगा लांब कानपूरकडे इंजिनियरीच्या तिसऱ्या वर्षाला होता.

शेजारचा चौथी शिकलेला रामसिंग पत्र पुन्हा वाचू लागला. "कॉलेजात कॉम्प्युटर आला आहे. मला तोच विषय आवडतो. दिवसभर मी कार्डांना भोकं पाडतो. पहिलं कार्ड याडीला पाठवतो. याडी, जपून ठेव. एक भोक चुकलं तर सगळं गणित चुकतं."

"दिवसभर भोकं कोन पाडते काका?" रामसिंग मिशीत हसला. "यष्टीचा कंडक्टर! कालेज सुटलं तुह्या पोट्ट्याचं."

"मले बी तोच वास येऊन राह्यला," लखीराम म्हणाला. "दिवाळीले येऊ दे. वखर हाती देतो. पुन्हा कसा जाते तेच पाह्यतो!"

पोराची याडी, म्हणजे आई, सोनीबाई चुलीपाशी ऐकत होती. नवऱ्याशी भांडून तिनंच त्याला धाडलं होतं. पण भाकरी थापताना तिलाही आठवलं, मागच्या खेपेला पोरगा खाकी पँट घालून आला होता.

दुसऱ्या दिवशी कार्ड आरशांच्या भरतकामाच्या पिशवीत घालून ती दिग्रसच्या स्टँडवर गेली. पुसदच्या गाडीपाशी कंडक्टर पुंडलिकराव तंबाखू मळत होते.

"दादा, याले तुमच्या चिमट्यानं एक भोक पाडा."

"काहून वो बाई? जायचं कुठं?"

"कुठंच नाही."

"बिनतिकिटाचं भोक पाडलं तं सायेब मले घरी बसवन!"

"न पाडलं तं मायं पोट्टं घरी बसन, दादा. पाडा."

पुंडलिकरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा सोडली. कट्. कोपऱ्यात भोक पडलं. गोल. सोनीबाईनं बोट फिरवलं. बाकीची भोकं उभी होती, जिऱ्याच्या दाण्यासारखी. ती हसली. मग पत्रातलं वाक्य आठवलं, एक भोक चुकलं तर सगळं गणित चुकतं, आणि तिनं कार्ड पिशवीत खोल सारलं.

घरी तिनं कार्ड नवऱ्यापुढे ठेवलं. "हे पाय. कंडक्टरचं भोक गोल. पोराचं उभं."

लखीराम बराच वेळ अंगठ्यानं चाचपत राहिला. "मंग हा उभे भोकं पाडून करते तरी काय?"

"ते मले ठाव नाही. पन तिकिटं नाही फाडत."

आपण हरलो असं तो म्हणाला नाही. पण भाऊबीज झाल्यावर पोराची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत गेला.

भीमसिंग पास झाला आणि मुंबईत कॉम्प्युटरवरच नोकरीला लागला. रामसिंगनं पुढे खटपट करून आपल्या पोराला कंडक्टर केलं. पुंडलिकराव पुसदच्याच गाडीवरून निवृत्त झाले. लखीराम मात्र मरेपर्यंत गाडीत चढला की आधी कंडक्टरचा चेहरा पाहायचा, मग बसायचा.

सोनीबाईनं ते कार्ड पोराला कधीच दाखवलं नाही. ती गेल्यावर पिशवी त्याच्या हाती आली. उभ्या भोकांशेजारी, कोपऱ्यात, एक गोल भोक होतं. ते कोणी पाडलं हे सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं. असं कार्ड कुठलंच यंत्र घेणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानं ते छातीवरच्या खिशात ठेवलं.