पट्टीनं मोजलेलं अंतर

मालवाहतुकीच्या त्या कंपनीत रजेचं टेबल सांभाळणाऱ्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘पट्टीसाहेब’ म्हणत. घर हजार किलोमीटरच्या पलीकडे असेल तर प्रवासाचे चार दिवस जास्त, असा नियम होता. आणि अंतर साहेब भिंतीवरच्या नकाशावर स्टीलची पट्टी ठेवून मोजत. दूरच्या टोकाचं शहर सरळ रेषेत नऊशे साठ भरायचं. रस्त्यानं, नदीला आणि घाटाला वळसे घालत, चौदाशे. जायला दोन दिवस, यायला दोन. त्या रेषेवरून विमानसुद्धा जात नव्हतं. जात असलीच तर गिधाडं.

"साहेब, आई शेवटच्या घटका मोजतेय," तिकडच्याच एका ड्रायव्हरनं हात जोडले होते. "तीन दिवसांच्या रजेत जाऊन येऊ कसा?"

"नऊशे साठ. पट्टी खोटं बोलत नाही."

ड्रायव्हर गेला नाही. आई गेली. साहेबांनी मात्र आपल्या मोजणीचं परिपत्रक सगळ्या शाखांना धाडलं आणि वरिष्ठांची शाबासकी पदरात पाडून घेतली.

करावं तसं भरावं म्हणतात. साहेबांच्या घरी केलं एकानं, भरलं दुसरीनं. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच कंपनीत, त्याच दूरच्या शहरातल्या शाखेत चिकटला. साहेबांच्या बायकोचं माहेर तिकडचंच, त्यामुळे ती हरखली होती. वर्षभरात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा.

मुलाचा रजेचा अर्ज तिकडे परिपत्रकावर बोट ठेवून फेटाळला गेला आणि फेरविचारासाठी साहेबांच्याच टेबलावर आला. एकच ओळ लिहायची होती: अंतर रस्त्यानं धरावं. साहेबांनी पेन उघडलं. खिडकीतून ट्रक धुणारा तो ड्रायव्हर दिसला. ओळ लिहिली तर त्याच्या आईचं काय, हे कुणीतरी विचारणारच. साहेबांनी ‘नामंजूर’ लिहून सही ठोकली.

"बाबा, नोकरीला लाथ मारून येतो," मुलगा फोनवर म्हणाला.

"वेडेपणा करू नकोस. आई सुधारतेय."

आणि बायकोला सांगितलं, निघाला.

ती तेवढ्यावर तग धरून राहिली. "कुठवर आला हो?" दर तासाला तेच.

"नदी ओलांडली."

"घाट लागला?"

"लागला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास अडकायला लागला. "घाटानंतर काय लागतं हो? मला आठवेना. सांगा ना, डोळ्यांपुढे आणते त्याला."

साहेबांना ठाऊक नव्हतं. त्या रस्त्यानं ते लग्नाला एकदाच गेले होते, तेही घोरत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. लाज कधीच गिळून झाली होती.

"अरे, घाट उतरल्यावर काय लागतं? पूल, गाव, काहीही सांग. मुलगा निघालाच नाही रे. ही विचारतेय, हिला काय सांगू?"

पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"नऊशे साठ ना, साहेब?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "सरळ रेषेत मधे काहीच लागत नाही."

फोन ठेवला गेला. आतून हाक आली, "अहो, सांगताय ना? घाटानंतर?"