तुरटीचा कागद

कंगकाकांनी ते प्रेमापोटी केलं होतं, हीच तर पंचाईत.

हांगचौच्या कलापथकात पेइलान वीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवत होती. गेली तीन वर्षं तिच्या डोक्यात एकच खूळ होतं: पिपा या चिनी तंतुवाद्याच्या तारांवर सूर धरला की नाचायचं आणि शाईत बुडवलेल्या लांब बाह्यांनी जमिनीवरच्या कागदावर चित्र काढायचं. चित्रकार म्हणत, हा नाच. नाचणारे म्हणत, ही चित्रकला. नाकं मात्र दोघंही मुरडत. आज तिचे जुने गुरू य्वान मास्तर निकाल द्यायला आले होते. ते नको म्हणाले, की उद्यापासून पुन्हा पडदे.

साथीला बसलेल्या त्सायताईंनी पिपा छेडला. पेइलाननं गिरकी घेऊन बाही फटकारली. शाई कागदात मुरेचना. कागद तुरटी लावलेला होता! बाईमाणूस चित्र काढणार म्हणजे बारीक कुंचल्यानं फुलं-पाखरंच काढणार, असं भांडार सांभाळणाऱ्या कंगकाकांनी गृहीत धरलं आणि शाई फुटू नये म्हणून तसल्या नाजूक कामासाठी राखून ठेवलेला सगळ्यात भारी कागद अंथरला.

मास्तरांनी लगेच ओळखलं. "थांब गं! कागद चुकलाय. शोभा करून घेऊ नकोस."

"नाही थांबणार, गुरुजी. त्सायताई, संथ वाजवा!"

"अगं, किती संथ? मला झोप लागेल!"

"लागू दे. हात थांबवू नका म्हणजे झालं."

तुरटी न लावलेल्या कच्च्या कागदावर शाई टेकली की विषय संपला. इथे ती ओली होती, म्हणजे अजून वळवता येत होती. पेइलाननं बसवलेला नाच सोडून दिला. शाई वाहील तिकडे ती वळली, टाचेनं तिला अडवलं, बाहीनं ओढत नेलं. डोंगराच्या जागी तळं साचलं, तर तिनं तळ्यातूनच धुकं काढलं. रडू फुटेल इतका राग आला होता. तो सगळा तिनं पायांत ओतला.

पिपा थांबला. मास्तरांनी कागदाभोवती एक फेरी मारली.

"तीन ठिकाणी पार बिघडलंय."

"हो."

"टाचेचा ठसा तर शेंबड्या पोरालाही दिसेल."

"दिसू दे. मी तिथे होते."

मास्तरांनी वाकून तो ठसा नीट पाहिला. मग कंगकाकांवर खेकसले, "पुढच्या वेळी कागद अंथरण्याआधी मला दाखवायचा. कळलं?"

कंगकाका बिचारे ओशाळून मान डोलवत राहिले. पेइलाननं मात्र त्यातलं 'पुढच्या वेळी' तेवढंच ऐकलं आणि शाईनं माखलेल्या बाहीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली.