पहिले दोन आटे

गोष्ट एकोणीसशे शहाण्णवची. ओहायोतल्या आमच्या पेंटबॉलच्या मैदानावर रंगगोळ्यांच्या बंदुका माझा नवरा ऑरिन दुरुस्त करी. अंतिम सामन्याच्या सकाळी त्याचा धाकटा भाऊ डेल बंदूक घेऊन आला. हवेच्या जोडातून फुसफुस चालली होती.

"जोडाच्या आट्यांना सीलंट लावतो. उद्यापर्यंत वाळेल," ऑरिन म्हणाला.

"सामना दोन तासांत आहे, म्हाताऱ्या! नळाला लावतात ती टेप गुंडाळ की."

"टेपच्या चिंध्या आत जातात. माझी बंदूक ने."

"तुझी? तिला तुझ्यासारखाच दमा आहे! अकरा वर्षांनी अंतिम फेरी गाठलीय. माझीच नीट कर."

डेल कपडे बदलायला गेला, ऑरिन मैदान आखायला. बंदूक तशीच पडून राहिली. मला राहवलं नाही. मीच जोडाला टेप गुंडाळली. टोकाचे पहिले दोन आटे उघडे ठेवायचे, म्हणजे चिंध्या आत जात नाहीत, हे ऑरिननं शंभरदा सांगितलं होतं, घाईत विसरले.

सामन्यात ऐन वेळी चिंधी व्हॉल्व्हमध्ये अडकली. बंदूक मुकी झाली, संघ हरला. डेलनं जोड उघडून ऑरिनसमोर धरला.

"टोकापर्यंत टेप! तुझ्या हातून अशी चूक होणारच नाही. मुद्दाम केलंस!"

ऑरिननं टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच लावली," तो म्हणाला. मी टेपचं रीळ खिशात सरकवलं.

डेल टेक्ससला गेला, परत आला नाही, तिथंच वारला. ऑरिन त्याच्या दोन वर्षं आधीच वारला होता, डेल त्याच्या अंत्यविधीलाही आला नाही. मैदानावर आता मका आहे. मी एकटीच राहते. नळ गळला तर टेप मीच गुंडाळते, पहिले दोन आटे सोडून.