अठ्ठावन्न किलोंतलं पाणी

मित्रांनो, वसई पूर्वेच्या एका डायलिसिस केंद्रात, दारातून शिरताच डाव्या हाताला उभा असलेला जुना वजनकाटा तो मी. आत्मवृत्त सांगावं इतकं मोठं माझं आयुष्य आहे का, याची मला खात्री नाही. पण इथं जे पाहिलं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

माझा जन्म वालीवच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे. वजन पडलं की ती केसभर वाकते आणि समोर लाल आकडे उमटतात. एवढंच माझं ज्ञान. कारखान्यात लोखंडी ठोकळे ठेवून माझी परीक्षा झाली. आकडा पाहून ठोकळ्यांचा चेहरा पडत नाही. माणसांचा पडतो, हे इथं आल्यावर कळलं.

इथं येणाऱ्यांच्या किडन्या निकामी झालेल्या असतात. प्यालेलं पाणी आणि खाल्लेलं मीठ अंगातच साठतं. रक्तदाब चढतो आणि तो भार ओढता ओढता हृदयाची भिंत जाड होत जाते. डायलिसिसचं यंत्र हे पाणी काढून हृदयाला हलकं करतं. पण घाईनं जास्त काढलं, तर रक्तदाब एकदम पडतो, पायांत गोळे येतात. तेही हृदयाला सोसत नाही. म्हणून आल्यावर आणि जाताना प्रत्येक जण माझ्यावर उभा राहतो. जास्तीचं पाणी निघाल्यावर जे वजन उरायला हवं, त्याला मीरा सिस्टर ‘कोरडं वजन’ म्हणतात.

उमेळ्याच्या सॅन्टनकाकांचं कोरडं वजन अठ्ठावन्न किलो होतं. केळीच्या वाडीचे मालक, बोलघेवडा माणूस. चपला काढून माझ्यावर चढताना म्हणायचे, “चल बाबा, माझी पापं मोज.”

“पापं राहू द्या, पाणी मोजायचंय,” मीरा सिस्टर म्हणायच्या. “काल किती प्यालात?”

“बायकोला विचारा. पाण्यावर पहारा तिचाच.”

आल्बिनाकाकू मागून म्हणायच्या, “पहारा नसता तर वाडीतली विहीर आटली असती.”

यंदा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. काकांच्या घरी ईस्टरपर्यंत मासळी, मटण, अंडं शिजत नाही. वडिलांपासूनचा नेम. काकांनी तो केंद्रात कुणाला न सांगता पाळला. डायलिसिस झाल्यावर ते माझ्यावर उभे राहायचे आणि मी दर वेळी अठ्ठावन्न दाखवायचो. सिस्टर खूश, काका खूश. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं.

रक्तदाब मात्र पाणी काढूनही उतरेना. गोळ्या वाढवल्या, तरी उतरेना. काका माझ्यावर चढताना आता भिंतीचा आधार घेऊ लागले. पापांचा विनोदही थांबला.

मग एका सकाळी आल्बिनाकाकू डॉक्टर उन्नतींसमोर येऊन उभ्या राहिल्या. “हे आठवडाभर खुर्चीत बसून झोपतात. आडवं झालं की धाप लागते.”

“अगं, उकाड्यानं होतं ते,” काका म्हणाले.

“गप बसा. डॉक्टर, यांचे दंड बघा. मांस राहिलंय का त्यात? सदऱ्याची नुसती बाही हलते.”

डॉक्टरांनी छाती तपासली. नडगीवर अंगठा दाबला, तिथं पडलेला खळगा तसाच राहिला. “काका, जेवता काय सध्या?”

काकूंनीच नेमाचं सांगितलं.

“म्हणजे प्रथिनं न मिळाल्यानं अंगातलं मांस गेलं आणि त्या जागी पाणी भरलं,” डॉक्टर म्हणाल्या. “कोरडं वजन उतरलं, आणि आम्ही जुन्याच आकड्यावर थांबत राहिलो. ते पाणी तुमचं हृदय ओढतंय, काका. असंच चाललं तर ते थकेल.”

“म्हणजे काटा चुकला?” काकांनी विचारलं.

“काटा बरोबर आहे. मांस किती आणि पाणी किती, हे त्याला कसं कळणार?”

मी खोटं बोललो नव्हतो, तरीही त्या क्षणी बंद पडावंसं वाटलं.

काका खाली पाहत म्हणाले, “बाबांनी आजारपणातही नेम मोडला नव्हता.”

“फादरना विचारलंय मी,” काकू म्हणाल्या. “आजाऱ्याला उपवास लागू नाही.”

“कधी विचारलंस?”

“उपवासकाळ लागला त्याच दिवशी, राखेच्या बुधवारी. सांगितलंही होतं. तुम्ही कान केळीत विसरून आला होता.”

काका हसले आणि हसता हसता खोकले. दुसऱ्या दिवसापासून अंड्याचा पांढरा भाग सुरू झाला. कोरडं वजन डॉक्टरांनी बेताबेतानं खाली आणलं. तसा रक्तदाब उतरत गेला आणि एक गोळी बंदही झाली.

मित्रांनो, माझी रबरी चटई आता झिजली आहे. कुणी माझ्यावर डब्याची पिशवी ठेवून जातं. तरी मीरा सिस्टर रोज मला पुसतात, माझं शून्य तपासतात, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्याहून ऋणी आहे आल्बिनाकाकूंचा. माझ्या आकड्यात जे मावत नव्हतं, ते त्यांनी पाहिलं. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर काट्यावरचा आकडा जरूर बघा. पण मग मान वर करून त्या माणसाकडेही बघा. जेवलात काय, झोप लागली का, एवढं विचारा.

परवा डायलिसिस झाल्यावर सॅन्टनकाका आधार न घेता माझ्यावर चढले. मी पंचावन्न दाखवले.

“काल पलंगावर आडवा झोपलो,” ते सिस्टरना म्हणाले. “सकाळपर्यंत.”

“घोरलेसुद्धा,” आल्बिनाकाकू म्हणाल्या. “मी जागीच होते, ऐकत.”