निर्माल्याचा दोरा

विजयलक्ष्मीने पदर कमरेला खोचला आणि करवंटीने आवारातल्या, पावसाचं पाणी जिरवायच्या शोषखड्ड्यातला गाळ खरवडायला घेतला. स्नान व्हायचं होतं. एकदा सोवळं नेसलं की या चिखलाला हात लावता येणार नव्हता.

वरच्या गॅलरीत तिचे यजमान राघोत्तम कॉफीचा टंबलर घेऊन उभे होते.

"असोसिएशनचं काम ते. अख्ख्या चेन्नईचा पाऊस समुद्रात जातो, तुझ्या करवंटीनं काय अडणार?"

"तुळशीला रोज तांब्याभरच घालते. तेव्हा नाही विचारत तुम्ही."

ते कॉफी फुंकत राहिले.

चित्रैत, ऐन उन्हाळ्यात आवारातली विहीर आटली, तेव्हा नेम मोडू नये म्हणून तिने देवाला विकतच्या कॅनच्या पाण्याने अभिषेक घातला होता. मंत्र चुकला नाही, पण कॅनवरचं लेबल तिने आधी सोलून काढलं होतं. आता ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस तोंडावर आला होता. खड्डा तुंबलेलाच राहिला तर पाणी विहिरीकडे न झिरपता रस्त्याला लागणार, आणि उन्हाळ्यात पुन्हा तोच कॅन.

"खालच्या मजल्यावरच्या त्या पुण्याच्या पोरांना बोलाव. चिप्सची पाकिटं त्यांचीच असणार."

हेल्मेट घेऊन निघालेला त्यांच्यातला यश दारातच थांबला.

"मामा, सकाळी सकाळी आमचंच नाव?"

विजयलक्ष्मीने कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. पाकीट नव्हतं. काळा पडलेला दोऱ्याचा गुंता निघाला, निघतच राहिला. गाठीगाठीत मोगऱ्याचे कुजके देठ, तुळशीच्या काड्या. फूलवाली हल्ली ज्यात हार गुंफते तो नायलॉनचा दोरा. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ती ते रोज याच खड्ड्यावरच्या जाळीवर ठेवत आली होती. इथे कुणाचा पाय पडत नसे. फुलं कुजून गेली होती, दोरा तसाच होता.

"काय निघालं? पाकिटंच ना?" राघोत्तमांनी वरून विचारलं.

गुंता गाळात पुन्हा दाबणं सोपं होतं. तिने तो गॅलरीतून दिसेल इतका उंच धरला.

"आपल्या देवघरातलं आहे. पोरांचं काही नाही यात."

राघोत्तमांनी टंबलर कठड्यावर ठेवला. यश कोपऱ्यातली बादली तिच्यापुढे सरकवून निघून गेला.

फूलवाली दारात आली तेव्हा विजयलक्ष्मीने हार परत तिच्या टोपलीत ठेवला.

"नायलॉन नको. केळीच्या सोपटाच्या नारात गुंफून आण."

"नार कुठं मिळतं आता, अम्मा?"

"मग सुटी फुलं दे. मी गुंफीन."

दुसऱ्या दिवशी ती उठली तर करवंटी जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात राघोत्तमांच्या टंबलरमधली कॉफी तशीच निवत होती, आणि खालून खरवडल्याचा आवाज येत होता.